'तयार माल' म्हणजे किती तयार? एक गिटार, एक छापा आणि आपली मगनवाडी

मंडळी, पोस्ट लांब आहे. एका बैठकीत झाली नाही तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा जरूर.

विषय इलेक्ट्रिक गिटारचा आहे. आता तुम्ही म्हणाल, भाऊ, कापसाचा भाव, रस्ते, नळाचं पाणी सोडून हे गिटार मधातच कुठून आलं? थोडा धीर धरा. ही गोष्ट अमेरिकेतल्या एका कारखान्यातून निघते, दिल्लीच्या व्यापार धोरणातून जाते आणि बरोबर आपल्या मगनवाडीच्या दारात येऊन थांबते.

पहिले गिटारच्या बाजारातली भानगड समजून घेऊ. तिकडे 'रिइश्यू' नावाचा प्रकार फार जोरात चालतो. कंपनीने पन्नास-साठ वर्षांपूर्वी काढलेलं मॉडेल पुन्हा जसंच्या तसं काढायचं. तोच आकार, तोच रंग, तसेच खटके, तशीच ठेवायची पेटी. आपल्याकडे जुन्या जावा मोटारसायकलवर जीव टाकणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये जावा नव्यानं बाजारात आली, तसंच हे. फरक किमतीचा.

या बाजारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' गिटार. गिब्सन ही १९०२ पासूनची अमेरिकन कंपनी. लेस पॉल मॉडेल १९५२ मध्ये आलं. १९५८ ते १९६० या काळात कंपनीने ते 'सनबर्स्ट' रंगात काढलं, म्हणजे मधे पिवळा-केशरी आणि कडेला गडद होत जाणारा. त्या सगळ्या काळात मिळून साधारण दीड हजार गिटारी बनल्या. किंमत तीनशे डॉलरच्या आत. पण खपल्या नाहीत. कंपनीने ते रूप बंद केलं आणि वेगळ्याच आकाराची गिटार काढली.

मग १९६६ च्या सुमारास इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनसारख्या तरुण वादकांनी ह्याच जुन्या, न खपलेल्या गिटारी वाजवायला घेतल्या. लोकांनी तो आवाज ऐकला आणि दुकानात जाऊन तीच मागायला लागले. १९६८ मध्ये कंपनीला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. आज १९५९ सालची अस्सल लेस पॉल लाखो डॉलरला जाते. ज्याला ती झेपत नाही त्याच्यासाठी तिचा रिइश्यू आहे. तोही आपल्या पैशात पाच लाखांच्या वर. २०२१ पासून कंपनीने 'मर्फी लॅब' नावाचा विभाग काढला. तिथे कोरी गिटार हातानं घासून, रंगाला तडे देऊन, टवके काढून जुनी करून देतात. जितकी जास्त झिजवलेली, तितके जास्त पैसे! आपल्याकडे टवका उडाला की दुकानदाराशी भांडण होतं.

आता ह्या गिटारच्या एका भागाकडे या. गिटारची जी लांब मान असते, तिच्यावर तारांच्या खाली गडद लाकडाची एक पट्टी चिकटवलेली असते. वाजवणाऱ्याची बोटं हिच्यावरच फिरतात. तिला फिंगरबोर्ड म्हणतात. लाकूड कठीण पाहिजे, झिजू नये, घामानं फुगू नये, दिसायलाही देखणं पाहिजे. १९५९ च्या गिटारला ही पट्टी ब्राझीलच्या शिसवाची होती. पण ब्राझीलचं ते झाड इतकं तोडलं गेलं की १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारने त्याचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. मार्टिन ह्या दुसऱ्या मोठ्या गिटार कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचं लाकूड सोडून दुसरं धरलं. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली.

दुसरं लाकूड कोणतं? आपलं. भारतीय शिसव. शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. आपले सुतार ज्याला काळं शिसव म्हणतात ते. जुन्या वाड्यातली खुर्ची, झोपाळा, देव्हारा आठवा. गिटारला जाणारा माल मुख्यतः दक्षिणेतून निघतो. कॉफी-चहाच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेली आणि सरकारी जंगलातली झाडं लिलावात विकली जातात, त्यातून. म्हणजे पाहा, पाच लाखांची '१९५९ ची हुबेहूब नक्कल' जो कौतुकानं वाजवतो, त्याची बोटं बहुतेक वेळा भारतातल्या झाडावर असतात. जाहिरातीत रंग, तारा, चुंबक, सगळ्याचा इतिहास असतो. पट्टीच्या नावापुढे फक्त 'इंडियन' लिहिलेलं असतं.

इथवर ठीक. आता छाप्याकडे येऊ.

२४ ऑगस्ट २०११. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल आणि मेम्फिस ह्या दोन शहरांत गिब्सनच्या कारखान्यांवर तिथल्या वन्यजीव खात्याच्या हत्यारबंद अधिकाऱ्यांनी छापा घातला. लाकडाचे गठ्ठे, कागद, कॉम्प्युटर जप्त केले. कंपनीवर हा दुसरा छापा. पहिला २००९ चा, मादागास्करमधून आणलेल्या आबनूस लाकडासाठी. २०११ चा मात्र भारतातून आलेल्या शिसव आणि आबनुसासाठी.

कायदा कोणता? लेसी कायदा. १९०० सालचा, मूळ पक्षी आणि प्राण्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा. २००८ मध्ये त्यात झाडं आणि लाकूडही घातलं. त्यातलं कलम मजेदार आहे. ज्या देशातून लाकूड आलं, त्या देशाचा कायदा मोडून ते बाहेर पडलं असेल, तर ते अमेरिकेत बाळगणं हाही गुन्हा. म्हणजे दिल्लीतला नियम मोडला का, हे नॅशव्हिलमधला अधिकारी तपासणार.

मग आपला नियम काय होता? इथे थोडे आकडे सहन करा, सगळी गोम त्यांच्यातच आहे. जगभरच्या कस्टम खात्यांत प्रत्येक मालाला एक ठरलेला क्रमांक असतो. ४४०७ म्हणजे कापीव लाकूड, सहा मिलिमीटरपेक्षा जाड. ४४०८ म्हणजे सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पापुद्रा, ज्याला आपण विनियर म्हणतो. ९२०९ म्हणजे वाद्याचे सुटे भाग. अमेरिकन अधिकाऱ्यांचं म्हणणं असं होतं, की भारत ४४०७ बाहेर जाऊ देत नाही. पातळ विनियर आणि वाद्याचे तयार भाग जाऊ देतो.

आणि फिंगरबोर्डची पट्टी असते कशी? साधारण अर्धा मीटर लांब, सात सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटरच्या आसपास जाड. अजून तिच्यात पितळी-निकेलच्या पट्ट्या बसवायला खाचा पाडलेल्या नाहीत, पृष्ठभागाला गोलाई दिलेली नाही, शिंपल्याची नक्षी जडवलेली नाही. मग ती वाद्याचा तयार भाग झाली की नुसतं कापीव लाकूड? आरोप असा होता, की भारतातून निघताना कागदावर 'वाद्याचा तयार भाग' लिहिलं, अमेरिकेत उतरताना कागदावर 'विनियर' लिहिलं, आणि पेटी उघडली तर निघाली दोन्हीत न बसणारी जाड पट्टी.

चार मिलिमीटरचा फरक. त्यावर बंदूकधारी अधिकारी कारखान्यात शिरले.

तिकडे मोठा गदारोळ झाला. कंपनीचे प्रमुख हेन्री जस्किविच टीव्हीवर, रेडिओवर, सभांमध्ये बोलत सुटले. रिपब्लिकन नेत्यांनी त्यांना अध्यक्ष ओबामांच्या रोजगारावरच्या भाषणाला संसदेत पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हेच लाकूड भारतातल्या कामगारानं पूर्ण तयार करून पाठवलं असतं तर चाललं असतं, म्हणजे आमचंच सरकार आम्हाला सांगतं की काम भारतात पाठवा.

मंडळी, ह्या वाक्यापाशी थोडं थांबा. हा माणूस जे तक्रार म्हणून सांगत होता, तेच आपल्या नियमाचं काम असायला पाहिजे होतं. ओंडका देऊ नका, कापीव फळी देऊ नका, इथल्या हातांनी वस्तू बनवा आणि ती विका. अमेरिकेच्या कारखानदाराला ते झोंबलं, कारण नियम पाळायचा म्हटला तर खाच पाडायची, गोलाई द्यायची, नक्षी जडवायची मजुरी नॅशव्हिलमध्ये न राहता इकडे आली असती.

मग आली का?

ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, वर पन्नास हजार डॉलर निसर्गसंवर्धनाच्या एका संस्थेला दिले. मादागास्करच्या लाकडावरचा हक्क सोडला. पण भारतीय लाकडाबाबत अमेरिकेच्या न्याय खात्याने लिहून दिलं, की भारताच्या व्यापार धोरणात अशा पट्ट्यांच्या वर्गीकरणाबद्दल प्रश्न आणि विसंगती आहेत, तेव्हा भारत सरकार हे बेकायदेशीर आहे असा स्पष्ट खुलासा करत नाही तोवर पुढच्या मालावर कारवाई करणार नाही. जप्त केलेलं भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं.

म्हणजे एवढे छापे, वकील, राजकारण झालं आणि सगळं येऊन अडलं कशावर? 'तयार' म्हणजे किती तयार, हे आपण धड लिहून ठेवलं नव्हतं यावर.

कंपनी मात्र हुशार. २०१४ मध्ये तिने त्याच परत मिळालेल्या लाकडाच्या पट्ट्या बसवून खास मालिका काढली. नाव ठेवलं 'गव्हर्न्मेंट सिरीज'. रंगाचं नाव 'गव्हर्न्मेंट टॅन'. लेस पॉल, एसजी, फ्लाइंग व्ही अशी जुनीच गाजलेली मॉडेलं, फक्त सरकारी रंगात. सरकारनं जप्त केलेलं लाकूड ही त्या गिटारची ओळख झाली आणि जमवणाऱ्यांनी ती घेतली. धंद्याच्या दृष्टीनं टाळी वाजवावी अशीच गोष्ट. पण ज्या झाडावर हे सगळं उभं राहिलं, ते झाड ज्या मातीत वाढलं तिथल्या सुताराच्या हातात ह्या गोष्टीतून एक रुपयाही जास्तीचा आला असेल असं मला वाटत नाही. पट्टी त्याने आधीच कच्ची विकली होती. किमतीत पुढे जी भर पडली, ती गोष्टीची होती, आणि गोष्ट नॅशव्हिलची होती.

आता ह्या कथेत आपली वर्धा कुठे?

छाप्यातलं दुसरं शहर आठवा, मेम्फिस. गिटारच्या आधी मेम्फिस कशासाठी प्रसिद्ध होतं? कापसासाठी. मिसिसिपी नदीकाठची ती अमेरिकेच्या कापसाची मोठी बाजारपेठ. म्हणजे तिकडचं हिंगणघाटच म्हणा ना! आणि ह्या दोन गावांचं नातं नुसतं उपमेपुरतं नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. इंग्रजांची नजर तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीवर पडली. आपला वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा काढला तो १८६२ मध्ये, ह्याच युद्धाच्या काळात. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे आपल्या जिल्ह्यातून नागपूरला पोचली. हिंगणघाटचा 'बनी' कापूस आपल्या धाग्यासाठी इतका नावाजलेला, की परदेशच्या बाजारात 'हिंगणघाट' हे गावाचं नावच कापसाच्या जातीचं नाव म्हणून चालायचं.

पण गेलं काय? गाठी गेल्या. इथे जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढायची, रुई दाबून गाठ बांधायची आणि गाडीत चढवायची. आली कापडाची ठाणं. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, पुढे हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे सूत आणि कापड इथल्या हातानं निघायला लागलं. त्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपल्या आजोबांची घड्याळं लागायची. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. पुलगावच्या मिलचं काय झालं ते पुलगावकरांना मी सांगायची गरज नाही.

आता विचारा, कापसाची गाठ हा 'तयार माल' आहे का? जिनिंगवाला म्हणेल, हो, मी त्याच्यावर प्रक्रिया केली. कागदावर बरोबरच आहे. फिंगरबोर्डची पट्टीसुद्धा कागदावर 'वाद्याचा तयार भाग'च होती.

हा प्रश्न आपल्याच गावात बसून एका माणसानं फार आधी विचारला होता. जे. सी. कुमारप्पा. जन्म १८९२, तंजावरचे. हिशेब तपासनिसाचं शिक्षण, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि कुमारप्पांच्या हाती दिला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते तिथेच मगन संग्रहालय उघडलं. घाणी, चाती, चाक, कागद, साबण, सुतारकी असं सगळं तिथे मांडलेलं. दगडी मूर्ती आणि तलवारी ठेवणारी संग्रहालयं देशात खूप आहेत. कामाची अवजारं ठेवणारं हे आपलं.

कुमारप्पांचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं तर असं: वस्तू स्वस्त की महाग एवढंच पाहू नका, तिच्या किमतीतला पैसा कुणाकुणाच्या हातात गेला ते पाहा. कच्चा माल गावातून जातो आणि पक्का होऊन परत येतो, तेव्हा मधली सगळी मजुरी, मधलं सगळं शिकणं गावाबाहेर राहतं. गाव फक्त माती आणि घाम पुरवतं. जंगलाबद्दलही त्यांनी लिहून ठेवलं, की जंगल सांभाळायचं ते सरकारी महसुलासाठी नको, लोकांच्या गरजा पाहून सांभाळा. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं, १९४५ मध्ये. गिटारचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण नॅशव्हिलच्या छाप्यातला प्रश्न त्यांनी साठ-पासष्ट वर्षं आधी मांडून ठेवला होता.

आणि मजुरीएवढंच शिकणं महत्त्वाचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धेत शिक्षण परिषद भरली, नई तालीम जन्माला आली. हातानं काम करत शिकायचं, ही तिची कल्पना. आपण तिचा अर्थ सूत कातण्यापुरता लावला आणि फोटो काढून मोकळे झालो. पण शिसवाच्या पट्टीत बावीस खाचा अशा पाडायच्या, की एकही केसभर सरकता कामा नये, सरकली तर सूर बिघडतो, हे गणित आहे, भूमिती आहे, ध्वनीशास्त्र आहे. पट्टी कच्ची विकली की हे सगळं ज्ञान तिच्यासोबत विमानात बसून जातं.

गोष्टीला अजून एक वळण आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त बोचतं.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या पूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'साइट्स' करारात डालबर्जिया वंशातली सगळी झाडं घातली. कारण रास्त होतं. चीनमधल्या महागड्या फर्निचरसाठी जगभर ह्या झाडांची लूट चालली होती. पण नियमाच्या जाळ्यात दोन वेगळे लोक सापडले. एक, गिटार आणि इतर वाद्यं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि वाद्य घेऊन देशोदेशी फिरणारे वादक. दोन, सहारनपूरचे कोरीवकाम करणारे आणि जोधपूरचे फर्निचरवाले कारागीर. यांचं झाड उत्तरेतलं शीशम, डालबर्जिया सिसू. ते शेताच्या बांधावर, कालव्याच्या कडेला सहज वाढतं.

वाद्यवाल्यांनी एकजुटीनं बाजू मांडली. २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांना सूट मिळाली आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून ती लागू झाली. कुठल्या शब्दात? तयार वाद्यं, वाद्यांचे तयार भाग, तयार सुटं सामान. पुन्हा तोच शब्द, 'तयार'. मादागास्कर आणि ब्राझीलच्या शिसवाचे नियम वेगळे राहिले, पण गिटारच्या बाजारानं सुटकेचा श्वास सोडला.

त्याच परिषदेत भारतानं शेजारी देशांना सोबत घेऊन मागणी केली होती, की शीशम ह्या यादीतून काढा, ते झाड धोक्यात नाही. ती मागणी नामंजूर झाली. कारागिरांसाठी काहीसा दिलासा आला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, पनामाच्या परिषदेत. वजनाची दहा किलोची मर्यादा पूर्ण खेपेला न लावता एकेका वस्तूला लावायची, असं ठरलं. केंद्र सरकारनेच तेव्हा सांगितलेला आकडा असा: नियम येण्यापूर्वी वर्षाला एक हजार कोटींच्या आसपास असलेली ही निर्यात पाचशे-सहाशे कोटींवर आली होती आणि साधारण पन्नास हजार कारागिरांच्या पोटावर त्याचा परिणाम झाला होता.

वाद्यवाल्यांना तीन वर्षांच्या आत सूट. कारागिराला सहा वर्षांनी अर्धी. मी वाद्यवाल्यांच्या विरोधात नाही, त्यांचं म्हणणं खरंच होतं. झाडाला संरक्षण नको असंही मी म्हणत नाही, शिसव वाचलंच पाहिजे. मला एवढंच दिसतं, की ज्याच्या नावावर तयार वस्तू आहे त्याचा आवाज परिषदेत पोचतो. जो पट्टी किंवा गाठ विकतो, त्याचं नावच कुठे नसतं, तर आवाज पोचणार कसा?

उलट उदाहरण पाहायचं तर फार दूर जायला नको. आपल्याच राज्यातलं मिरज घ्या. तिथे दीड शतकाहून जास्त काळ सतार आणि तंबोरे बनतात. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा उभा केला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणाचं, आणि पहिल्या तासणीपासून जवारी काढेपर्यंतचं सगळं काम मिरजेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांच्या अडचणी आहेत, तरुण मुलं धंद्यात यायला तयार नाहीत, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं गिऱ्हाईक पळवलं, हे सगळं खरं. पण वाद्यावर नाव मिरजेचं आहे. शेवटचा हात मिरजेचा आहे. उद्या कुणी शंभर वर्षांपूर्वीच्या तंबोऱ्याची हुबेहूब नक्कल मागितली, तर त्याला मिरजेलाच यावं लागेल.

हा फरक आहे, मंडळी. रिइश्यू काढायचा हक्क त्याला मिळतो, ज्यानं मूळ वस्तू शेवटपर्यंत घडवली. हिंगणघाटच्या बनी कापसाचा रिइश्यू कोण काढणार? आपण तर गाठच विकली होती.

आज आपल्या जिल्ह्यात पुन्हा 'प्रक्रिया उद्योग', 'मूल्यवर्धन', 'क्लस्टर' असे शब्द दर दुसऱ्या भाषणात ऐकू येतात. चांगलं आहे. कापूस, सोयाबीन, हळद, बांबू, काय नाही आपल्याकडे? मगनवाडीतच केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे. पण माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी मंचावरून 'तयार माल' म्हणाला, तर हे तीन प्रश्न विचारा. मी पत्रकार म्हणून विचारीनच, पण गावच्या माणसानं विचारलं की जास्त लागतं.

एक, माल जिल्ह्याबाहेर जाताना किती तयार असेल? पट्टी असेल की गिटार? गाठ असेल, सूत असेल, कापड असेल की शिवलेला सदरा?

दोन, आपल्या आयटीआयच्या पोराला त्यातून नुसती मशीन चालवायला मिळेल, की वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवायला शिकता येईल?

तीन, वस्तूवर नाव कुणाचं असेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत लपलेलं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि अजून एक. वर्धेत राहून मगन संग्रहालय आतून न पाहिलेले लोक माझ्या ओळखीत ढिगानं आहेत. पाहुणे आले की आपण सेवाग्राम दाखवतो, पवनार दाखवतो आणि मगनवाडीवरून गाडी पुढे काढतो. एकदा पोरांना घेऊन जा. तिथलं एखादं अवजार दाखवून त्यांना विचारा, की ह्यातून जी वस्तू निघते ती आज आपण कुठून आणतो.

तुमच्या गावात अशी कोणती वस्तू आहे जिच्यावर पहिला आणि शेवटचा, दोन्ही हात तुमच्याच गावचे फिरतात? घोंगडी, टोपली, खंजिरी, बैलगाडीचं चाक, काहीही चालेल. गावाचं नाव आणि वस्तूचं नाव कमेंटमध्ये लिहा. आलेल्या नावांची यादी करून पुढची पोस्ट त्यावरच लिहितो.